बिनरॅकेटचा डेव्हिस कप : नव्याने खेळणाऱ्यांसाठी

गेली सहा वर्षं मी स्वीडनचा कर्णधार आहे. स्वीडनला कधी गेलेलो नाही, तिथली भाषा येत नाही, आणि माझ्या संघातले बाकीचे दोघं नागपूर आणि मस्कतला राहतात. मागच्या फेरीत आमच्यासमोर अर्जेंटिना होता. अर्जेंटिना म्हणजे माझा मामेभाऊ, त्याची बायको आणि तिच्या ऑफिसातली एक मैत्रीण. लढतीच्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोलतो.

खेळ असा आहे : जगात कुठेतरी चाललेल्या खऱ्या टेनिस सामन्यांचे निकाल आधीच ओळखायचे. निकाल ओळखण्याचे खेळ पुष्कळ आहेत. इथे फरक एवढाच की तुम्ही एका देशाच्या संघातून खेळता, समोर दुसऱ्या देशाचा एक माणूस असतो, आणि सगळा सांगाडा डेव्हिस करंडकाचा, म्हणजे देशादेशांमधल्या पुरुषांच्या सांघिक टेनिस स्पर्धेचा. दरवर्षी कुणीतरी नवीन येतो आणि तेच प्रश्न विचारतो, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. आमच्याकडे आता जागा उरलेली नाही. पण बारा-तेरा माणसं जमवता आली तर तुमची स्पर्धा तुम्हीच काढू शकता.

खऱ्या डेव्हिस कपाची थोडी ओळख हवी. १९०० साली बॉस्टनच्या लाँगवुड क्रिकेट क्लबवर अमेरिका आणि ब्रिटिश बेटं यांच्यात पहिली लढत झाली. चांदीचा करंडक देणारा ड्वाइट डेव्हिस तेव्हा अमेरिकेच्या संघातून स्वतः खेळलाही होता. दोन देशांच्या मुकाबल्याला ‘टाय’ म्हणतात, आपल्याकडची वर्तमानपत्रं ‘लढत’ लिहितात, आणि लढतीतला एकेक सामना म्हणजे ‘रबर’. जुना आणि अजूनही सगळ्यांच्या मनात बसलेला नमुना पाच रबरांचा : पहिल्या दिवशी दोन एकेरी, मग दुहेरी, मग परतीच्या दोन एकेरी. ज्याची तीन रबरं आधी, तो जिंकला. उरलेली रबरं ‘डेड’, म्हणजे खेळली काय, न खेळली काय. २०१९ पासून करंडकाचे सामने पाच सेटांऐवजी तीन सेटांचे झाले आणि शेवटचा टप्पा एकाच ठिकाणी भरू लागला. त्या टप्प्यात लढत तीनच रबरांची असते. जुन्या चाहत्यांना हे पटलेलं नाही. मलाही नाही. पण नव्याने सुरू करणाऱ्याला तीन रबरांचा नमुनाच सोयीचा, हे कबूल करावं लागतं.

पहिली पायरी : माणसं आणि देश

चार संघ, प्रत्येकी तीन माणसं आणि एक पंच. एवढ्यावर दोन उपांत्य लढती आणि एक अंतिम लढत होते. पहिल्या वर्षी याहून मोठा पसारा मांडू नका. आम्ही पहिल्याच वर्षी आठ संघ केले. दुसऱ्या फेरीपर्यंत दोन कर्णधार लग्नसराईत हरवले, आणि एका संघात माणसं दोनच आहेत हे ऐन लढतीच्या आदल्या रात्री कळलं.

संघात तिघंही टेनिसवेडे नकोत. एक वेडा, एक बऱ्यापैकी जाणकार आणि एक वक्तशीर माणूस, हा संघ सगळ्यात पुढे जातो. वक्तशीर माणसाला फोरहँड आणि बॅकहँडमधला फरक कळला नाही तरी चालतं. आमच्या नागपूरच्या बाईंना सुरुवातीला कळत नव्हता आणि आज त्यांचा एकेरीतला हिशोब माझ्यापेक्षा चांगला आहे.

देश वाटताना एक नियम कडक पाळा : भारत कुणालाच द्यायचा नाही. सगळ्यांना तोच हवा असतो आणि पहिलं भांडण तिथेच होतं. शिवाय भारताच्या डेव्हिस कपाच्या आठवणी सगळ्यांच्या सामाईक आहेत. १९७४ मध्ये पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून भारत अंतिम फेरीत गेला आणि वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायला नकार देऊन त्याने करंडकावर पाणी सोडलं. असा देश चिठ्ठ्या टाकून एकाच्या वाट्याला गेलेला बरा वाटत नाही. म्हणून बाहेरचे देश घ्या, शक्यतो ज्यांच्यामागे काही गोष्ट आहे असे. अर्जेंटिना चार वेळा अंतिम फेरीत हरला आणि पाचव्यांदा, २०१६ मध्ये झाग्रेबला, १-२ असा मागे असताना करंडक घेऊन गेला. स्वीडनने तो सात वेळा जिंकलाय. क्रोएशियाच्या नावावर २००५ आणि २०१८ आहेत. तुमच्या देशाच्या खऱ्या खेळाडूंचा तुमच्या गुणांशी काहीही संबंध नसतो. तरी लोक आपोआप त्यांच्या बाजूने वाहत जातात आणि गुण घालवतात. ते त्यांना करू द्या.

दुसरी पायरी : पंच

पंच खेळत नाही. याला अपवाद करू नका. पंचाची कामं तीन : रोजची सामन्यांची यादी काढायची, सगळ्यांच्या अंदाजांच्या याद्या गुपचूप घ्यायच्या, आणि वेळ संपली की एकदम उघडायच्या. याद्या सगळ्यांसमोर पाठवायची सवय लागली तर खेळ तिथेच संपला. का, ते गुणांच्या भागात कळेल. आमचे पंच निवृत्त बँक अधिकारी आहेत. कुणी कितीही गयावया केली तरी ‘वेळ संपली’ एवढं दोन शब्दांत सांगून फोन ठेवतात. असा माणूस शोधा.

आणि एक रुपयाही लावायचा नाही. आमच्याकडे हरलेला कर्णधार जिंकलेल्या संघाला भेट होईल तेव्हा मिसळ खिलवतो. मस्कतवाल्याची तीन मिसळींची उधारी आहे.

तिसरी पायरी : लढतीची चौकट

तीन रबरं, दोन दिवस. पहिल्या दिवशी दोन एकेरी : तुमचा दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू समोरच्या दुसऱ्या क्रमांकाशी, मग पहिला पहिल्याशी. दुसऱ्या दिवशी दुहेरी. पुण्यात २०२५ च्या एप्रिलमध्ये म्हाळुंगे-बालेवाडीला महिलांच्या बिली जीन किंग कपाचे आशिया-ओशनियाचे सामने झाले, तिथेही दोन एकेरी आणि एक दुहेरी असंच होतं. ज्यांनी ते पाहिलेत त्यांना वेगळं समजवायला नको.

खेळाडूंचा क्रम कर्णधाराने हंगामाच्या आधी पंचाला लिहून द्यायचा आणि मग तो बदलायचा नाही. हे बंधन घातलं नाही तर प्रत्येक कर्णधार आपला सर्वांत कच्चा गडी समोरच्या सर्वांत पक्क्यासमोर बळी द्यायला लागतो. कोणत्या दोघांनी एकेरी खेळायची आणि दुहेरीत कोण, हे मात्र लढतीगणिक बदलता येतं. कर्णधाराने संघ पहिल्या दिवसाची वेळ संपण्याआधी एक तास कळवायचा.

चौथी पायरी : मैदान कुणाचं

डेव्हिस कपात यजमान देश कोर्ट कसलं ते ठरवतो, आणि तिथेच निम्मी लढत होते. १९८७ च्या अंतिम लढतीत स्वीडनने भारताला गोटेबोर्गला बोलावलं, बंदिस्त सभागृहात लाल माती अंथरली आणि ५-० ने हरवलं. उलटही होतं : १९९३ मध्ये फ्रान्सने फ्रेज्युला मातीवरच भारताला बोलावलं आणि ३-२ ने हरला.

आपल्याकडे कोर्ट अंथरता येत नाही, पण स्पर्धा निवडता येते. एकाच आठवड्यात जगात दोन-तीन स्पर्धा वेगवेगळ्या कोर्टांवर चालू असतात. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या एका आठवड्यात ब्युनोस आयरेसला माती होती, मार्सेला बंदिस्त हार्ड कोर्ट आणि फ्लोरिडात डेलरे बीचला उघडं हार्ड कोर्ट. त्याच वर्षी विम्बल्डननंतरच्या आठवड्यात बास्टाड आणि ग्श्टाडला माती, तर मेक्सिकोत लॉस काबोसला हार्ड कोर्ट. यजमान कर्णधार आपल्या माणसांना ज्याची समज आहे ती स्पर्धा निवडतो. ज्याला दक्षिण अमेरिकेतल्या मातीवरचे साठाव्या-सत्तराव्या क्रमांकाचे खेळाडू तोंडपाठ आहेत, त्याने ब्युनोस आयरेस घ्यावं आणि समोरच्याला चाचपडू द्यावं.

समोरच्यावर फार अन्याय होऊ नये म्हणून यादीत नऊ सामने ठेवा : सहा यजमानाच्या स्पर्धेतले आणि तीन त्याच दिवशीच्या महिलांच्या स्पर्धेतले, पंचाच्या पसंतीचे. सामने कमी पडले तर त्याच प्रकारच्या कोर्टावरच्या दुसऱ्या स्पर्धेतून घ्यायचे. यजमान कोण हे पहिल्यांदा चिठ्ठीने, नंतर आलटून पालटून. एक वही ठेवा. ‘मागच्या वेळी तुम्ही आमच्याकडे आला होतात’ यावरून दोन सुशिक्षित माणसं अर्धा तास वाद घालू शकतात, हे मी अनुभवलंय.

पहिल्याच लढतीसाठी ग्रँड स्लॅमची, म्हणजे ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि यूएस ओपन या चार मोठ्या स्पर्धांपैकी एकीची, पहिली फेरी धरा. तिथे यजमान-पाहुणे भानगड नसते आणि सामन्यांना तोटा नसतो : पुरुषांचे ६४, महिलांचे ६४.

पाचवी पायरी : गुण

इथे जरा थांबून वाचा. नवे खेळाडू इथेच हरतात.

नऊ सामन्यांचे तीन-तीनचे तीन सेट. प्रत्येक सामन्यात कोण जिंकेल ते लिहायचं, आणि सोबत तो खरा सामना किती सेटमध्ये संपेल तेही. आपल्या तीन सामन्यांच्या सेटमध्ये ज्याचे जास्त विजेते बरोबर, सेट त्याचा. ज्याचे दोन सेट, रबर त्याचं. विजेते सारखेच बरोबर आले तर टायब्रेक : सेटांचे आकडे कुणाचे जास्त बरोबर ते बघायचं. तिथेही बरोबरी झाली तर पंचाने आधी नेमून दिलेल्या एका सामन्यात एकूण किती गेम होतील याचा अंदाज; जवळचा आकडा जिंकला.

आता एक खरा दिवस घेऊन करून बघू. १ जुलै २०२५, विम्बल्डनचा दुसरा दिवस. समजा, पहिल्या सेटमध्ये हे तीन सामने पडलेत : कोको गॉफ विरुद्ध दयाना यास्त्रेम्स्का, जेसिका पेगुला विरुद्ध एलिझाबेट्टा कोच्चियारेत्तो, यानिक सिन्नर विरुद्ध लुका नार्दी. गॉफला दुसरं मानांकन, पेगुलाला तिसरं, सिन्नर पहिला. तुम्ही डोळे मिटून तिन्ही मानांकित लिहिले. समोरच्याने लिहिलं : यास्त्रेम्स्का, पेगुला, सिन्नर.

पेगुला ६-२, ६-३ अशी हरली. दोघंही चुकलात. सिन्नर तीन सेटमध्ये सहज जिंकला. दोघंही बरोबर. गॉफ ७-६, ६-१ अशी हरली, आणि सेट समोरच्याने २-१ घेतला.

पेगुलाचा पराभव त्या दिवशीची मोठी बातमी होती. तुमच्या सेटमध्ये तिची किंमत शून्य, कारण दोघंही तिच्याच नावावर होतात. सिन्नरच्या विजयाचीही किंमत शून्य. सगळा सेट त्या एका नावावर ठरला, जिथे तुमचं आणि त्याचं जमलं नाही. म्हणून माझ्या संघात नवीन माणूस आला की मी त्याला नऊ सामन्यांचं भाकीत करायला सांगत नाही. ‘समोरचा काय लिहील ते आधी लिही,’ म्हणतो. मग त्या यादीशी आपलं कुठे पटत नाही ते बघ. बाकीच्या सात-आठ सामन्यांवर डोकं शिणवू नकोस.

याद्या गुप्त का, ते आता कळलं असेल. समोरच्याची यादी दिसली तर टायब्रेकमध्ये पक्का असलेला माणूस सरळ नऊच्या नऊ नावं उतरवून घेईल आणि सेटांच्या आकड्यांवर तुम्हाला मारील.

मग मुद्दाम वेगळं लिहायचं का? नेहमी नाही, आणि इथे हिशोब कच्चा असून चालत नाही. तुम्हाला एखाद्या कमी क्रमांकाच्या खेळाडूची संधी दहात चार वाटते. त्याचं नाव लिहिलंत आणि बाकी दोन्ही नावं सारखी असली, तर तुमची सेट जिंकण्याची संधीही दहात चार. नाव न लिहिता मानांकिताबरोबर राहिलात तर मामला टायब्रेकवर जातो. समोरचा तुमच्याच पातळीचा असेल तर तिथे संधी दहात पाच, म्हणजे वेगळं लिहिण्यात तोटा. पण समोर आमचे अर्जेंटिनाचे कर्णधार असतील, जे टायब्रेक दहात सात वेळा जिंकतात, तर तुमच्या वाट्याला तीनच येतात. तिथे दहात चारवाला खेळाडू हा चांगला सौदा आहे. थोडक्यात, दुबळ्याने वेगळं व्हावं आणि बळकटाने चिकटून राहावं. बरेच जण उलट करतात : पहिल्या क्रमांकाचा गडी ऐटीत धक्कादायक निकाल लिहीत सुटतो आणि नवखा घाबरून सगळे मानांकित लिहितो.

वेगळं नाव कुठे शोधायचं

गॉफचंच घ्या. तिने साडेतीन आठवड्यांपूर्वी पॅरिसला फ्रेंच ओपन जिंकली होती, म्हणून सगळे तिच्यावर. पण ती मातीवर. हिरवळीवर ती बर्लिनला पहिल्याच सामन्यात हरली होती, आणि यास्त्रेम्स्का त्याच महिन्यात नॉटिंगहॅमला हिरवळीवरच अंतिम फेरीपर्यंत गेली होती. यात कुठलंही गुपित नव्हतं. मागच्या तीन आठवड्यांचे निकाल पाच मिनिटं चाळले असते तर दिसलं असतं.

क्रमवारी ही मागच्या ५२ आठवड्यांची बेरीज असते. गेल्या ऑगस्टमध्ये खेळाडूने काय केलं ते त्यात अजून दिसतं, गेल्या आठवड्यात त्याचा खांदा दुखत होता ते दिसत नाही. पात्रता फेरीतून आलेला खेळाडू क्रमवारीत खाली असतो, पण त्याच कोर्टावर, त्याच चेंडूंनी तो दोन-तीन सामने जिंकून आलेला असतो. पहिल्या फेरीत पुढे चाल मिळालेला मानांकित खेळाडू मात्र पहिल्यांदाच उतरतो. अशी जोडी यादीत दिसली की मी पेन्सिलने गोल करतो. रविवारी एका देशात अंतिम सामना खेळून मंगळवारी दुसऱ्या देशात, दुसऱ्या कोर्टावर उतरणाऱ्याभोवतीही गोल.

ग्रँड स्लॅममध्ये पुरुषांचे सामने पाच सेटांचे असतात. तिथे दोन सेट घालवूनही चांगला खेळाडू सावरतो, म्हणून धक्के शोधायचे तर तीन सेटांच्या सामन्यांत जास्त सापडतात. टायब्रेकसाठी सेटांचा आकडा लिहितानाही हे ध्यानात ठेवा : पुरुषांच्या स्लॅममध्ये पर्याय तीन असतात, बाकी सगळीकडे दोनच.

उंचीचंही एक आहे. ग्श्टाड समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचावर आहे. हवा विरळ, चेंडू सुसाट जातो, सर्व्हिसवर जगणाऱ्यांचं मातीवरही फावतं. माद्रिदला थोडं कमी, पण तेच. मातीचा राजा म्हणून डोळे झाकून कुणाचं नाव लिहिण्याआधी स्पर्धा कुठल्या गावाला आहे ते बघा.

एवढं बघायला रोज पंधरा मिनिटं पुरतात. सामन्यांचा क्रम आदल्या संध्याकाळी स्पर्धेकडून जाहीर होतो. दोघांचे मागचे आपसातले निकाल बघायचे असतील तर बघा, पण चार वर्षांपूर्वीच्या एका सामन्यावर इमले बांधू नका.

सहावी पायरी : घड्याळ

यादी द्यायची वेळ म्हणजे त्या दिवशीच्या यादीतला पहिला सामना सुरू होण्याआधी अर्धा तास, आणि ती फक्त भारतीय वेळेत लिहायची. माणसं कुठेही राहोत. आमच्यातला एक न्यू जर्सीला आहे. भारतीय वेळेने दुपारी तीनची मुदत म्हणजे उन्हाळ्यात त्याच्याकडे पहाटे साडेपाच, म्हणून तो पाचचा गजर लावायचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या पाचला उठला, चहा केला, निवांत यादी पाठवली, आणि पंचांचं उत्तर आलं : ‘वेळ संपली.’ मुदत त्याच्या घड्याळात साडेचारला झाली होती. अंतिम लढत होती. अजून तो विषय निघाला की तो घरातल्या सगळ्या घड्याळांना शिव्या घालतो. युरोपातली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, म्हणजे मधला एक आठवडा आणखी गोंधळाचा.

स्लॅमच्या वेळा एकदा लिहून फ्रिजवर लावा. बाहेरच्या कोर्टांवरचे सामने तिथल्या अकराला सुरू होतात असं धरलं, तर मेलबर्न आपल्याकडे पहाटे साडेपाच, पॅरिस दुपारी अडीच, विम्बल्डन साडेतीन, न्यू यॉर्क रात्री साडेआठ. ऑस्ट्रेलियन ओपनच्या याद्या रात्री झोपण्याआधीच द्या. ‘पहाटे उठून देतो’ म्हणणारा उठत नाही.

यादी आलीच नाही तर रबर बहाल करू नका, मजा जाते. आमचा नियम : पहिला सेट गेला, आणि उरलेल्या सहा सामन्यांत क्रमवारीत वरचा जो खेळाडू असेल तो तुमचा. यावरही कुणीकुणी रबर जिंकलंय, आणि मग संघातले बाकीचे त्याला महिनाभर सुचवत राहतात की बाबा, तू यादी देऊच नकोस.

सातवी पायरी : दुहेरी

दुहेरीत दोघांनी मिळून एकच यादी द्यायची. १-१ झालेल्या लढतीत सगळं तिथेच ठरतं. दोन हुशार माणसं एकत्र आली की यादी चांगली होते असं वाटतं, पण बहुधा ती बुळबुळीत होते : एकाला हा धक्का पटत नाही, दुसऱ्याला तो, शेवटी दोघं मिळून नऊ मानांकित लिहून मोकळे. त्यापेक्षा वाटणी करा. दोन सेट एकाचे, एक दुसऱ्याचा, आणि दुसऱ्याच्या सेटमध्ये नाक खुपसायचं नाही.

यादी कोण पाठवणार हे नावानिशी ठरवा. मी आणि मस्कतवाला एकदा रात्री दीड तास फोनवर बसून सुरेख यादी तयार केली, एकमेकांची पाठ थोपटली, फोन ठेवला. यादी त्याने पाठवली असं मला वाटलं, मी पाठवली असं त्याला.

जोडीची गोष्ट निघालीच आहे तर : लिअँडर पेसला डेव्हिस कपात दुहेरीतला ४३ वा विजय मिळवून विश्वविक्रम करायची संधी २०१७ च्या फेब्रुवारीत बालेवाडीला होती, न्यूझीलंडविरुद्ध. लढत भारताने ४-१ जिंकली आणि हरलेलं एकमेव रबर म्हणजे नेमकं ते दुहेरीचं. विक्रम झाला पुढच्या वर्षी, चीनमध्ये तियानजिनला, रोहन बोपन्नासोबत, भारत ०-२ मागे असताना. तिथून भारताने लढत ३-२ अशी काढली. पाच रबरांच्या नमुन्याची मजा ही अशी असते. तुमची माणसं टिकली तर दुसऱ्या वर्षी त्याकडे वळा.

भांडणं होण्याआधी लिहून ठेवायच्या गोष्टी

सामना अर्धवट राहिला तर? पाऊस, अंधार, काहीही. २०२५ च्या विम्बल्डनला अलेक्झांडर झ्वेरेव्ह आणि आर्थर रिंडरक्नेशचा सामना सोमवारी एक-एक सेटवर थांबला आणि मंगळवारी झ्वेरेव्ह पाच सेटमध्ये हरला. यादी एकदा दिली की निकाल लागेल तेव्हा तो धरायचा. मध्येच नाव बदलता येणार नाही. लढतीचा निकाल एक दिवस लांबला तर लांबू द्या.

खेळाडूने मध्येच सामना सोडला तर अधिकृत विजेता धरायचा, पण सेटांचा आकडा कुणालाच मिळणार नाही. एकही चेंडू न खेळता माघार घेतली तर तो सामना बाद आणि राखीव सामना आत. म्हणून पंचाने नऊशिवाय दोन राखीव सामने द्यायचे आणि त्यांची नावंही सगळ्यांनी आधीच लिहायची. ज्याने माघार घेतली त्याच्या जागी ऐनवेळी ‘लकी लूझर’, म्हणजे पात्रता फेरीत हरूनही रिकाम्या जागी घेतलेला खेळाडू आला, तर? आमच्याकडे हा सामना बाद धरतात, कारण तुम्ही ज्याच्याविरुद्ध अंदाज बांधला तो माणूसच राहिला नाही. काही ठिकाणी चालवूनही घेतात. काहीही ठरवा, पण हंगामाआधी ठरवा.

पंचाचा निर्णय चुकला असं वाटलं तर फक्त कर्णधाराने बोलायचं आणि एकदाच. खेळाडूंच्या बायका, नवरे आणि मुलं यांना दाद मागण्याचा अधिकार नाही. हा नियम हसण्यावारी घेऊ नका, तो एका रविवारच्या रात्रीनंतर घालावा लागलाय.

सुरुवात करताना

माणसांना गोळा करताना चार पानी नियमावली पाठवू नका, कुणी वाचत नाही. आम्ही एवढंच पाठवतो, ते जसंच्या तसं उचला :

‘चार देश, तिघांचा संघ, पैसे नाहीत. येत्या स्लॅमच्या पहिल्या दोन दिवशी उपांत्य लढती. रोज नऊ सामने, विजेता आणि सेटांचा आकडा लिहून पंचांना खासगीत पाठवायचा. मुदत भारतीय वेळेने. तुम्हाला टेनिस येत नसेल तरी चालेल, वेळ पाळता येत नसेल तर येऊ नका. कर्णधार व्हायचं असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा. स्वीडन गेलेला आहे.’